मूळ दाखले

कोल्हापूर,
गुरुवार, १९ ऑगस्ट १९८२

प्रिय शिवय्या,

स. न. वि. वि. इकडे आम्ही ठीक आहोत, तिकडे तुम्ही सगळे ठीक असाल असं समजतो. समजण्यावरच भागवावं लागतं, कारण महिनाभरात तुझं साधं कार्ड नाही, आणि यावं असं मी काही केलेलंही नाही.

आधी एक गाऱ्हाणं नोंदवून घे. माझा एकुलता एक पांढरा सदरा गुलाबी झाला आहे. प्रमोदिनीनं तो रिठ्यात बुडवला, लिंबात बुडवला, शेवटी रॉकेलात बुडवला. आता तो गुलाबी तर आहेच, शिवाय त्याला स्टोव्हचा वास येतो. धोब्याकडं नेला, तर त्यानं उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "सर, ह्यो गुलाल विलेक्शनचा न्हवं. विलेक्शनचा दोन धुण्यात जातोय. ह्यो कायतरी भारीतला हाय." बावीस वर्षं मराठी शिकवतोय, दर रविवारी गावच्या वर्तमानपत्रात भल्याभल्यांच्या टोप्या उडवतोय, आणि आता वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून आवाज येतो, "आला रे, गुलाबराव आला!" देशाच्या राज्यघटनेत मास्तरच्या सदऱ्याला कसलंही संरक्षण नाही, ही फार मोठी उणीव आहे. तू बेळगावात मेडिकल कॉलेजच्या कचेरीचा हेडक्लार्क. बघ, कुठं अर्ज करता येतो का.

गुलाल कसला, ते तुला माहीत आहे. मिरवणुकीचा. मिरवणूक कुणाची, तेही माहीत आहे. ती निघाली कशी, हे मात्र तुला कुणी सांगितलं नसणार, म्हणून सांगतो. मला लिहायचंय ते दुसरंच. पण तिथवर जायला मला लांबचा रस्ता लागतो. हॉस्टेलात एका खोलीत तीन वर्षं काढलीस, तुला नवीन नाही.

आमच्या प्रशालेचे चेअरमन सयाजीराव. बिद्रीच्या कारखान्यात साखर निघते तशी आमच्याकडं टक्केवारी निघते, असं ते भाषणात सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत. ऊस हद्दीबाहेरचा असला तरी चालतो, गोड पाहिजे. म्हणून तर दोन वर्षांमागं ते जीप घेऊन निपाणीला गेले आणि दहावीत तालुक्यात पहिली आलेली तुझी भाची, रुद्राणी, फी माफ करून अकरावीला इकडं घेऊन आले. चन्नवीर माझा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणून त्याची लेक राहिली आमच्या घरात. आम्हाला मूलबाळ नाही. असतं तर एवढं हुशार निघालं नसतं, असं प्रमोदिनी म्हणते आणि माझ्याकडं बघते.

आता, मिरवणुकीचं शास्त्र असं. मेडिकलची यादी लागली की ज्या शाळेची मिरवणूक पहिल्यांदा महाद्वार रोडला पोचेल, त्या शाळेत गावातले आईबाप पोरं घालतात. गेल्या वर्षी पलीकडच्या शाळेनं आमच्या आधी तीन तास मिरवणूक काढली, वर उंट आणला. सयाजीरावांना तो उंट वर्षभर स्वप्नात येत होता. यंदा यादी लागल्या लागल्या ती उतरवून आणायला त्यांनी मिरजेच्या मेडिकल कॉलेजात माणूस पिटाळला. यादीत आमच्या शाळेचं एकच नाव होतं, आणि ते रुद्राणीचं. यादीच्या डोक्यावर स्वच्छ छापलेलं होतं, की ही यादी तात्पुरती असून मूळ दाखले तपासून मग पक्की लागेल.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. एकदा. तर म्हणाले, "सर, तुमी मराठीचे मास्तर, शब्दाला लई चिकटताय. लग्न ठरलं की वाजंत्री सांगायची का मंगळसूत्र गळ्यात पडंस्तवर थांबायचं? तवर तिकडं उंट निघंल की!"

निघाली मिरवणूक. पुढं हलगी, मागं जीप, जीपमध्ये फेटा बांधलेली रुद्राणी आणि तिच्या शेजारी, शिवय्या, मी. मिरवणुकांवर दर वर्षी लेख पाडणारा मी. चष्म्याच्या काचांवर गुलाल बसल्यामुळं पोरीला काही दिसत नव्हतं. मधूनमधून ती खाली वाकून विचारायची, "काका, संपत आली का?" निपाणीहून चन्नवीर आला होता. तो जीपपुढं नाचला. एवढ्या जन्मात मी त्याला नाचताना पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सयाजीराव जीप घेऊन थेट निपाणीच्या बाजारात गेले, तिथंही हलगी लावली, आणि तंबाखूच्या वखारींपुढं उभं राहून जाहीर केलं, की निपाणीची पहिली लेडी डॉक्टर आमच्या कारखान्यातनं निघणार.

तिसऱ्या दिवशी आम्ही तुझ्याकडं आलो.

त्या दिवसाचं मी तुला काय सांगावं? तूच टेबलाच्या पलीकडं होतास. पण माझ्या बाजूनं एकदा सांगू दे. मिरजेला आठवड्यात मूळ दाखले हजर करायचे होते, आणि मूळ दाखले होते तुझ्या कपाटात, कारण बारावी महाराष्ट्रातली असूनही तू खटपट करून तिला तुमच्या कॉलेजात जागा मिळवून दिली होतीस. दाखला जिथं, मुलगी तिथं. कपाटातून काढला की जागा गेली. तू म्हणालास, "पक्की यादी लागू दे रे. मी इथं पंधरा दिवस कसंतरी थोपवतो. मिरजेला अर्ज करा, दाखले मागाहून देतो म्हणून." चन्नवीर म्हणाला, "बहिणीच्या लेकीचं बरं झाल्यालं बघवंना व्हय तुला? आख्ख्या बाजारानं गुलाल उधळलाय, आन् तू मागाहून म्हणतोस?"

तिथं मी बोलायला हवं होतं आणि मी बोललो. म्हणालो, "चन्नवीर, त्याचं काय चुकतंय? त्याच्या कॉलेजात बापाचा खिसा तपासतात, मिरजेत पोरीचं डोकं. सवय नाही त्याला." तुझे दोन कारकून हसले. कुणी हसलं की मला राहवत नाही; मी आणखी एक विनोद केला. तो इथं लिहीत नाही.

तू उठून कपाट उघडलंस. फाईल काढलीस, दाखले एकेक करून रुद्राणीच्या हातात दिलेस, सहीसाठी रजिस्टर पुढं सरकवलंस. आमच्यासाठी चहा सांगितला होतास. तो आला तेव्हा आम्ही जिन्यात होतो.

आता ऐक. ७ तारखेला पक्की यादी लागली. तिच्यात रुद्राणी नाही.

मार्कांचा प्रश्न नव्हता. बारावी इथली आहे, पण दहावी निपाणीची. दहावी राज्याबाहेरची असली तर नाव वगळायचं, असा नियम. मी आणि चन्नवीर मिरजेला गेलो. खिडकीतला माणूस बिचारा सभ्य होता. त्यानं निपाणीच्या दाखल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे तुमच्या शाळेनं बघायला नको होतं का?" शाळेनं! अरे, शाळेनं तो दाखला दोन वर्षांमागं स्वतःच्या हातानं घेऊन कपाटात ठेवला होता. घरात धान्य भरून घेताना पोत्यावरचं गाव कोण वाचतो?

सयाजीरावांकडं गेलो. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "वाईट झालं. पर आपल्याकडनं काय कमी पडलं, सांगा बगू." खरंच आहे. रस तेवढा त्यांनी घेतला. चिपाडाचं काय, ते चिपाडानं बघायचं.

संध्याकाळी घरी आलो. रुद्राणी स्टोव्हपाशी दूध तापवत होती. तिला कळलं होतं. चन्नवीर निपाणीच्या गाडीत बसायच्या आधी दारातनंच सांगून गेला होता, घरात न शिरता. मी पायरीवर बसलो. माझ्याजवळ, शिवय्या, कुठल्याही प्रसंगाला एक वाक्य तयार असतं. त्या दिवशी नव्हतं. दूध उतू गेलं नाही, काही नाही. तिनं स्टोव्ह बंद केला, झाकण ठेवलं आणि विचारलं,

"काका, बेळगावला विचारलं की म्हणतात, तू महाराष्ट्राची झालीस. इथं विचारलं की म्हणतात, कर्नाटकाची. मग मी कुठली?"

प्रमोदिनी आत निघून गेली. मी म्हणालो, "तू आमची." हे असलं उत्तर मी पोरांच्या निबंधात लिहिलेलं पाहिलं की लाल शाईनं खोडतो.

आणखी एक लिहायचं राहिलं. शाळेच्या फाटकावर सयाजीरावांनी मोठा फलक रंगवून घेतला होता, "मेडिकलला निवड, कु. रुद्राणी", पिवळ्यावर तांबडी अक्षरं. मी म्हणालो, पुसा. तर म्हणाले, "ॲडमिशनं चालू हायत सर, गणपतीपतुर ऱ्हाऊ द्या." म्हणजे तो आहे. त्याच फाटकासमोरून आमच्या घराकडं यायची वाट. किराणा दुकानदार तिला "डॉक्टरीणबाई" म्हणतो. ती परवापासून बाहेर पडलेली नाही. जेवते, पण वाढलं तर. काल मी बायॉलॉजीची वही उघडी पाहिली, पान कोरं होतं.

म्हणून तुला लिहितो. हे तोंडानं बोलायला मी सकाळच्या एसटीत बसून दुपारी तुझ्या दारात येऊ शकलो असतो. स्टँडवर गेलोही होतो. परत आलो.

शिवय्या, ती जागा अजून रिकामी असेल का? किंवा कुणी सोडली असेल, एखादा आजारी पडला असेल, एखाद्याला घरची आठवण आली असेल. पोरं काय काय करतात. मला जे बोलायचं ते बोल, कचेरीत सगळ्यांसमोर बोल, तुझ्या कारकुनांना बोलावून बोल. पण जागा असेल तर कळव. आणि जरा लवकर. कारण चन्नवीर आता वेगळंच बोलायला लागला आहे. काय, ते लिहवत नाही. तुझ्या बहिणीला विचार.

सौ. वहिनींना नमस्कार.

तुझ्या उत्तराला लायक नसलेला,
वसंत


कोल्हापूर,
मंगळवार, २१ सप्टेंबर १९८२

प्रिय शिवय्या,

नमस्कार. तुझं पत्र आठ तारखेला मिळालं. त्यात माझ्याबद्दल एक शब्द नाही. एखादी शिवी असती तर बरं वाटलं असतं.

तू प्रिन्सिपॉलना भेटलास, दोनदा भेटलास, जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेल्याचं आणि त्याची फी भरून झाल्याचं स्वतः तपासून आलास, हे सगळं वाचलं. मी वाद घालत नाही. त्या मुलाचा काय दोष? पण तुझ्या पत्रातला दुसरा परिच्छेद मी इतक्यांदा वाचला की घडीवर फाटला आहे. यंदा तिला तुझ्या घरी ठेवायची, तिथं बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला घालायची, पुढच्या जूनमध्ये तुमच्याकडं पुन्हा अर्ज. "पोरीचं डोकं कुठं पळून जात नाही," असं तू लिहिलंस. तो परिच्छेद घेऊन मी त्याच रविवारी निपाणीला गेलो. रुद्राणीला तिच्या बापानं ऑगस्टातच नेलं होतं, गणपतीला म्हणून. परत पाठवली नाही.

चन्नवीर वखारीत होता. तुला माहीत आहे, तो बसला की सगळी वखार त्याच्या आवाजानं भरते. त्या दिवशी मला गोण्या मोजणाऱ्यांचे आवाज ऐकू येत होते. पत्र दिलं. त्यानं ते पुरं वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"वसंता, पुढच्या साली म्हंजे वरीसभर. वरीसभर मी बाजारातनं कसं फिरू?"

"जसा आजवर फिरलास तसा."

"तुला काय जातंय बोलायला. परवा तंबाखूचा दलाल इचारतोय, डॉक्टरीणबाई सुट्टीला आल्यात काय म्हणून. काय सांगू? पोरगी मिरजेतनं हाकलली म्हणून सांगू? पोरीनं कायतरी केलं म्हणतील. पोरीचं कायबी झालं की लोक येकच म्हणत्यात, तुला ठावं न्हाय?"

"खरं सांग. नियम आडवा आला म्हणून सांग."

"नियम!" तो हसला. "गुलाल उधळला त्या दिवशी नियम कुठं हुता तुझा?"

मागच्या घरातून तुझी बहीण निर्मला आली, चहाचा पेला घेऊन. तिनं तो माझ्यापुढं ठेवला आणि तिथंच उभी राहिली. तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं, की सगळं ठरून झालेलं आहे आणि मी उशिरा आलेला पाहुणा आहे.

गडहिंग्लजचं घर आहे. मुलगा थोरला, औषधाचं दुकान आहे. चन्नवीर म्हणाला, "औषधातच ऱ्हाईल की पोरगी." तो थट्टा करत नव्हता, शिवय्या. माझ्याकडं बघून, मी मान हलवीन अशा आशेनं म्हणाला. आता बाजारात सांगायला त्याच्याकडं गोष्ट तयार आहे: मेडिकल मिळालं होतं, पण स्थळ चांगलं आलं, म्हणून आम्हीच सोडलं. ऐकणारा म्हणतो, बरं केलंत, पोरीच्या जातीला एवढं शिकून काय करायचं. सगळ्यांची अब्रू राहिली. सयाजीरावांची राहिली, चन्नवीरची राहिली, माझीही राहिली. शिकायचं तेवढं राहिलं.

मी म्हणालो, निदान तिला विचारा. निर्मला पहिल्यांदा बोलली. "विचारलंय भाऊजी. ती म्हणाली, अव्वा, तुम्ही म्हणाल तसं. इथं आल्यापासून ती माझ्याशी एवढंच एक वाक्य बोललीय."

रुद्राणी मागच्या अंगणात होती. मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं, रडेल. मग वाटलं, काहीतरी म्हणेल. तिनं दुसरा परिच्छेद वाचताना बोट ओळीवर ठेवलं होतं, परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचताना ठेवायची तसं. शेवटी बोट उचललं आणि पत्र घडी करून मला परत दिलं.

"मामांना सांगा, मला त्या दिवशीच त्यांच्या कपाटातनं दाखले घ्यायचे नव्हते," ती म्हणाली. "पण तिथं सगळे हसत होते."

मी, शिवय्या, तसाच परत आलो. चहा प्यायचा राहिला. स्टँडवर मग तो प्यायलो, उभ्यानं, आणि गोड होता का कडू ते आठवत नाही.

तू लिहिलंयस, की पाहिजे तर तू स्वतः जाऊन चन्नवीरच्या पाया पडशील. जाऊ नकोस. तुला नाही म्हणताना तो आणखी घट्ट होईल, आणि त्याचं घट्ट होणं तिलाच निस्तरावं लागेल. लग्न दिवाळीनंतर आहे. मामा म्हणून तुला बोलावणं येईल. राग माझ्यावर ठेव, माझ्या वाटणीचा आणि चन्नवीरच्याही, पण लग्नाला ये. तिनं विचारलं नाही, मी विचारतोय. मांडवात तिला तुझा हात धरून जायचंय. ज्यानं तिला थांब म्हटलं होतं, त्याचा हात धरून ती निदान एकदा तरी चालू दे.

फलक उतरवला. गणपती उलटून दोन आठवडे झाल्यावर. आता तिथं दुसरा आहे. पुढच्या वर्षासाठी "अकरावी शास्त्र, मर्यादित जागा". मी त्या फलकावर लेख लिहायला बसलो होतो. चांगला झाला असता. तीन ओळींनंतर कागद फाडला. संपादकांना कळवलंय, की रविवारचं सदर काही दिवस बंद. त्यांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? हो म्हणालो.

काल संध्याकाळी महाद्वार रोडला फोटो स्टुडिओवाल्यानं हाक मारली. "सर, तुमच्या पोरीचं फोटू तयार होऊन दोन म्हैनं झालं. न्यायला कोण आलंच न्हाय." मला काही माहीत नव्हतं. मिरवणुकीनंतर दुसऱ्याच दिवशी रुद्राणी एकटी जाऊन फोटो काढून आली होती, कॉलेजच्या ओळखपत्राला लागतात तसले लहान, डझनभर. थोडे पैसे तेव्हा दिले होते तिनं, बाकी राहिले होते. स्टुडिओवाला म्हणाला, "मी म्हटलं, ताई, चष्मा काढा, फोटू चांगला येईल. तर म्हणल्या, नको, कार्डावर हाय तशीच दिसू दे. लई हुशार पोरगी. कुठवर आलं हो डॉक्टरकीचं?"

"चाललंय," मी म्हणालो.

बाकीचे पैसे द्यायला नोट काढली. त्याच्याजवळ मोड नव्हती, राहू द्या म्हणाला. मी समोरच्या पानपट्टीतून मोडून आणले आणि त्याचे त्याला मोजून दिले. पावती मागितली नाही. निगेटिव्ह जपून ठेवू का, त्यानं विचारलं. ठेव म्हणालो.

एक फोटो सोबत पाठवतोय. बाकीचे माझ्याकडं आहेत. प्रमोदिनीला अजून दाखवलेले नाहीत.

लोभ असावा असं लिहायचं धाडस नाही.

वसंत